हौशी बिनतारीची परीक्षा

माझा एक भाचा गेले कांहीं महिने एका चमत्कारिक परीक्षेचा अभ्यास करीत आहे. ती उत्तीर्ण झाल्यानें त्याला नोकरी मिळणार नाहीं, बढती मिळणार नाहीं, आणि लग्नाच्या बाजारांत त्याची किंमत वाढेल असेंही त्याच्या आईला वाटत नाहीं. मिळणार तो एक परवाना. स्वतःच्या घरांतून, स्वतःच्या यंत्रावरून बिनतारी संदेश पाठविण्याचा, आणि त्याबद्दल कोणाकडून एक पैही न घेण्याचा. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं तो टेबलावर चमच्यानें 'डि-डा, डि-डा' असें वाजवीत बसतो, आणि मग पुस्तक उघडून उत्तरें घोकतो. एके दिवशीं त्यानें मला विचारलें, "मामा, हवा कोणाच्या बापाची नाहीं, मग हवेंत बोलायला परीक्षा कशाला?" या लहरींना हवेचीही गरज नसते, हें त्याच्याच पुस्तकांत पहिल्या धड्यांत आहे, असें सांगून मीं वेळ मारून नेली. पण प्रश्न मनांत राहिला. आणि त्याचें उत्तर शोधूं लागलों तेव्हां त्याच्या मागें शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उभा आहे असें दिसून आलें.

प्रारंभीं परीक्षा नव्हतीच. मार्कोनीनें १९०१ सालीं अटलांटिकपलीकडे खूण पोंचविली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेंतील शेंकडों मुलांनीं घरच्या माळ्यावर ठिणगीचीं यंत्रें उभीं केलीं. तारेचें वेटोळें, बॅटरी, गॅलिनाचा एक खडा आणि कानाला लावावयाचा श्रवणयंत्राचा तुकडा, एवढ्या भांडवलावर हा उद्योग चाले. अडचण होती ती त्या ठिणगीच्या स्वभावांत. ठिणगीचें यंत्र आजच्या यंत्राप्रमाणें एका अरुंद पट्ट्यांत बोलत नसे. तें एकदम सगळ्या आळीला ऐकूं जाईल असें ओरडे. एकानें तोंड उघडलें कीं दहांचें बोलणें बुडे. त्यांतच कांहीं व्रात्य मुलांनीं लढाऊ जहाजांना खोटे संदेश धाडल्याच्या नौदलाच्या तक्रारी होत्या.

१९१२ च्या एप्रिलांत 'टायटॅनिक' बुडाली. त्या रात्रीनंतर वर्तमानपत्रांत अशी बातमी झळकली कीं, सर्व प्रवासी सुखरूप असून जहाज ओढून बंदराकडे आणलें जात आहे. दोन निरनिराळ्या संदेशांची ती सरमिसळ असावी. पण खापर फुटलें तें हौशी लोकांच्या माथीं. त्यांचा अपराध कितपत होता हा भाग निराळा. कायद्याची तयारी आधींपासून चाललेलीच होती, तिला या दुर्घटनेनें निमित्त दिलें. १३ ऑगस्ट १९१२ रोजीं अमेरिकेंत बिनतारीचा कायदा झाला, आणि हौशी माणसाला प्रथमच परीक्षेला बसावें लागलें. मिनिटाला ५ शब्द या वेगानें मोर्सची लिपी घेतां-देतां आली पाहिजे, आपलें यंत्र जुळवितां आलें पाहिजे, आणि संकटाचा संदेश कानीं पडल्यास आपण गप्प बसावयाचें एवढा कायदा ठाऊक पाहिजे. परीक्षेचें ठिकाण फार दूर असेल त्यांच्याकरितां दुसऱ्या प्रतीचा परवाना होता. तेथें परीक्षक नव्हता, उमेदवारानें स्वतःच आपल्या लायकीची ग्वाही द्यावयाची. सरकारनें इतका विश्वास टाकावा याचें आज नवल वाटतें.

त्या कायद्यांतील दुसरें कलम मात्र हौशी लोकांना हद्दपार करण्याच्या हेतूनें घातलेलें होतें. त्यांना २०० मीटर व त्याहून आंखूड लहरींवर ढकलण्यांत आलें. लांब लहरी दूर जातात, आंखूड लहरी निरुपयोगी, अशी त्या काळच्या तज्ज्ञांची खात्री होती. शेतांतली काळी जमीन आपण ठेवून भावाला माळरान द्यावें तसा हा वाटणीचा प्रकार झाला. पण माळरानाखालीं पाणी निघालें. नोव्हेंबर १९२३ मध्यें अमेरिकेंतील श्नेल आणि राइनार्ट्झ या दोघां हौशींनीं फ्रान्समधील लेऑं देलॉय याच्याशीं सुमारें ११० मीटरवर अटलांटिकपार संभाषण केलें. पुढच्याच वर्षीं, १८ ऑक्टोबर १९२४ रोजीं, न्यूझीलंडमधील फ्रँक बेल यानें आपल्या मेंढपाळीच्या मळ्यावरून हांक दिली ती लंडनच्या मिल हिल शाळेंत ऐकूं आली. उत्तर देणारा सेसिल गॉयडर अठरा वर्षांचा विद्यार्थी होता. पृथ्वीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाशीं झालेला हा संवाद. मोठमोठ्या कंपन्या प्रचंड मनोरे बांधून जें साधूं पाहत होत्या तें एका शाळकरी पोरानें साधलें, आणि मग ज्या लहरी टाकाऊ म्हणून दिल्या होत्या त्यांवर सगळ्यांचीच दृष्टि गेली.

इंग्लंडनें या प्रकरणीं निराळी वाट धरली. तेथील १९०४ च्या कायद्यांत परवाना मागणाऱ्याला मुख्य प्रश्न असे तो हेतूचा : तुला प्रयोग करावयाचे आहेत काय? अमेरिका विचारी, "तुला काय येतें?", इंग्लंड विचारी, "तुला हें कशाला हवें?" दोन्ही प्रश्न सरकारचेच, पण त्यांत फरक फार आहे. पहिल्याचें उत्तर उमेदवाराच्या हातीं असतें, दुसऱ्याचें उत्तर पटवून घेणें अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतें. इंग्लंडांतील रीतसर लेखी परीक्षा आली ती १९४६ सालीं, दुसरें महायुद्ध संपल्यावर.

आपल्याकडे तर हा दुसरा प्रश्न अधिकच कडक आवाजांत विचारला जाई. १८८५ च्या तारायंत्राच्या कायद्यानें संदेशवहनाचा सर्व मक्ता सरकारकडे ठेवलेला होता, आणि १९३३ च्या कायद्यानें बिनतारी यंत्र नुसतें जवळ बाळगण्यासही परवाना लागूं लागला. तरीही हौस थांबली नव्हती. कलकत्त्याचे अमरेन्द्रचंद्र गुप्तु यांनीं १९२१ मध्यें आपलें केंद्र सुरू केलें. मुंबईच्या रेडिओ क्लबानें जून १९२३ मध्यें प्रक्षेपण केलें, म्हणजे सरकारमान्य इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या आधीं चार वर्षें. पण परवानेधारक मूठभरच राहिले. १९३९ सालीं युद्ध पेटतांच तेवढेही परवाने रद्द झाले, आणि यंत्रें सरकारजमा करण्याचे हुकूम सुटले.

या मूठभर लोकांत मुंबईचे नरीमन प्रिंटर हे एक होते. बिनतारीचें ज्ञान हें टांकसाळीच्या साच्यासारखें आहे; परवाना काढून घेतां येतो, ज्ञान काढून घेतां येत नाहीं. ऑगस्ट १९४२ मध्यें पुढारी तुरुंगांत गेले, वर्तमानपत्रांची तोंडें बांधलीं गेलीं, तेव्हां उषा मेहता या बावीस वर्षांच्या मुलीनें आणि तिच्या सोबत्यांनीं गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालविण्याचें ठरविलें, आणि यंत्र बांधून दिलें तें याच प्रिंटरांनीं. ४२.३४ मीटरवर हा आवाज उमटूं लागला. पोलिसांच्या शोधगाड्या फिरत असल्यामुळें जागा वरचेवर बदलावी लागे.

हा आंकडा मीं सहज भाच्यापुढें टाकला. त्यानें परीक्षेच्या पुस्तकांतलें सूत्र लावलें : ३०० ला लहरीच्या लांबीनें भागावें म्हणजे मेगासायकल निघतात. उत्तर आलें ७.०९ च्या आसपास. "मामा, हा तर आमचाच चाळीस मीटरचा पट्टा!" तो उडालाच. घोकलेल्या सूत्राला त्या क्षणीं प्रथमच कांहीं अर्थ आला असावा. ज्याला हौशी यंत्र बांधावयाची संवय त्यानें हौशी लोकांच्याच पट्ट्यांत बसणारें यंत्र बांधावें हें ओघानेंच आलें. तो पट्टा त्या वेळीं परवाने रद्द झाल्यामुळें आपल्याकडील हौशींना बंद होता एवढेंच.

या कथेचा शेवट गोड नाहीं. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पोलिसांनीं गिरगांवांतील पारेखवाडीच्या इमारतींत छापा घातला, आणि त्यांना तेथवर वाट दाखविणारे प्रिंटरच होते. ते आधीं पकडले गेले होते. उषा मेहतांना ४ वर्षांची सक्तमजुरी झाली, ती त्यांनीं येरवड्यास भोगली. ज्या हातांनीं यंत्र बांधलें त्यांनींच तें दाखवून दिलें, हें वाचून संताप येतो. पण त्या हातांवांचून तें यंत्र उभेंही राहिलें नसतें, हेंही विसरतां येत नाहीं. परीक्षेनें माणसाच्या ज्ञानाची ग्वाही मिळते. त्याच्या कण्याची ग्वाही देणारी परीक्षा अजून कोणत्याच खात्यानें काढलेली नाहीं.

आतां मोर्सविषयीं. १९२७ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेपासून हौशी माणसाला ही लिपी आलीच पाहिजे असा दंडक पडला. कारण साधें होतें : समुद्रावर जहाज संकटांत असतां किनाऱ्यावरून "थांबा" म्हणून आज्ञा झाली तर ती हौशी माणसाला कळली पाहिजे. अमेरिकेनें वेग वाढवीत वाढवीत १९३६ सालीं १३ शब्दांवर नेला. आपल्याकडे पहिल्या श्रेणीला १२ आणि दुसरीला ५ असे. या एका अटीनें किती उमेदवार परतवून लावले याची गणती नाहीं. विद्युत्शास्त्र उत्तम येणारा एखादा अध्यापक नापास होई, आणि तारमास्तराचा मुलगा हंसतहंसत पार पडे. कारण हें ज्ञान डोक्याचें नसून कानाचें आहे. टिंब आणि रेघ मोजीत बसणारा उमेदवार आठव्या-दहाव्या शब्दाला अडखळतोच. अक्षर मोजावयाचें नसतें, तबल्याचा बोल ओळखावा तसें तें ओळखावयाचें असतें. रात्रभर जागून तें पाठ करतां येत नाहीं, आणि कोणाकडून उतरूनही घेतां येत नाहीं. म्हणूनच जुन्या मंडळींचा या चाचणीवर एवढा जीव होता, आणि म्हणूनच नव्यांना ती छळ वाटे. माझें मत विचाराल तर दोघेही खरें बोलत होते. कष्टानें मिळविलेली वस्तु जपली जाते हें जुन्यांचें म्हणणें खोटें नव्हे. पण जहाजांनींच १९९९ च्या फेब्रुवारीपासून मोर्स सोडून उपग्रहांची पद्धति स्वीकारली, त्यानंतर या अटीचें मूळ कारणच उरलें नाहीं. २००३ सालीं जिनीव्हाच्या परिषदेनें ती सक्ती काढून प्रत्येक देशाच्या मर्जीवर सोंपविली. इंग्लंडनें त्याच वर्षीं ती उठविली, अमेरिकेनें २३ फेब्रुवारी २००७ रोजीं. आपल्याकडे पुढें श्रेणी दोनच उरल्या. साधारण श्रेणीला ८ शब्दांचा वेग ठेवण्यांत आला आणि मर्यादित श्रेणीला मोर्समधून सूट मिळाली. माझ्या भाच्याला मर्यादित श्रेणींत समाधान नाहीं; टेबलावरच्या चमच्याचें रहस्य तें आहे.

कानाच्या परीक्षेची ही गत, तर लेखी परीक्षेची गत आमच्या वाचकांच्या अधिक परिचयाची आहे. पूर्वीं अमेरिकेंत उमेदवाराला यंत्रांच्या आकृति स्वहस्तें काढाव्या लागत. नंतर पर्यायांतून उत्तर निवडण्याची पद्धत आली, आणि तिच्या पाठोपाठ डिक बॅश नांवाचे एक गृहस्थ आले. १९७० नंतरच्या दशकांत हे परीक्षेच्या दाराबाहेर थांबून बाहेर पडणाऱ्यांना काय काय विचारलें तें विचारून घेत, आणि त्याचीं पुस्तकें छापून विकीत. मोठा गहजब झाला. सज्जन हौशी मंडळींनीं त्यांचा धिक्कार केला. पुस्तकें मात्र खपत राहिलीं. अखेर १९८४ च्या सुमारास परीक्षा घेण्याचें काम स्वयंसेवी परीक्षकांकडे सोंपवितांना सरकारनें निराळाच मार्ग काढला. सगळा प्रश्नसंचच, उत्तरांसकट, उघड करून टाकला. आज तेथील पहिल्या पायरीच्या परीक्षेंत ३५ प्रश्न असतात, ते चारशेंहून अधिक प्रश्नांच्या जाहीर संचांतून निवडलेले असतात, आणि २६ बरोबर आले कीं परवाना. अपेक्षित प्रश्नसंचांवर लहानाचे मोठे झालेल्या आमच्या पिढ्यांना यांत धक्का बसण्यासारखें कांहींच नाहीं. उलट मला त्या खात्याच्या प्रामाणिकपणाचें कौतुक वाटतें. चोरून घोकण्यापेक्षां उघड घोकलेलें बरें, आणि चारशें प्रश्न खरोखरच वाचणाऱ्याच्या डोक्यांत, त्याच्या इच्छेविरुद्ध कां होईना, थोडें शास्त्र शिरतेंच.

तथापि घोकंपट्टीला एक मर्यादा आहे, आणि ती कोठें लागते याचें एक उदाहरण भाच्याला मीं वाचावयास दिलें. डिसेंबर २००४ मध्यें भारती प्रसाद या दिल्लीच्या हौशी बाई बऱ्याच वर्षांच्या खटपटीनंतर परवानगी मिळवून आपल्या सोबत्यांसह अंदमानांत गेल्या होत्या. हेतु निव्वळ हौसेचा. दूरदूरच्या देशांतील हौशींना अंदमानचा संपर्क दुर्मिळ, तो त्यांना मिळवून द्यावा एवढाच. २६ तारखेच्या सकाळीं पोर्ट ब्लेअर येथें भूकंपाचा धक्का बसला आणि मागोमाग समुद्र आंत आला. दूरध्वनि बंद पडले. बाईंनीं यंत्र सुरू केलें आणि पुढें अनेक दिवस बेटांवरील लोकांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोंचवीत राहिल्या. त्या वेळीं अँटेना कशी पुन्हां उभारावी, कोणत्या वेळीं कोणती लहर मद्रासला पोंचेल, कोणाला बोलूं द्यावें आणि कोणाला थोपवावें, हे प्रश्न कोणत्याही संचांत नव्हते.

भाच्यानें तें वाचलें, कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं गच्चीवर जाऊन पाहतों तों त्यानें पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या कठड्यापर्यंत तार ताणली होती, आणि ती चाळीस मीटरच्या पट्ट्याला पुरी पडत नसल्यामुळें शेजारच्या इमारतीच्या सेक्रेटरींची परवानगी कशी मिळवावी या विवंचनेंत होता. सरकारचा परवाना त्या मानानें सोपा आहे, असें त्याचें तूर्त मत झालें आहे. परीक्षा पुढच्या महिन्यांत आहे.