एरंडेलाचा वास आणि शर्यतीचा इतिहास

शर्यतीचा इतिहास म्हटला की विजेत्यांची यादी डोळ्यांसमोर येते: नाव, वर्ष, अंतर, वेळ. वाङ्मयाच्या अभ्यासकांना या यादीचा प्रकार परिचित असावा. पारितोषिके मिळालेल्या ग्रंथांच्या यादीवरून एखाद्या काळाचे वाङ्मय जितके कळते, तितकाच अशा यादीवरून खेळ कळतो. कोण जिंकले हे यादी सांगते. जिंकणाऱ्याच्या हातात काय होते, कानांत काय घुमत होते, हे ती सांगत नाही. यंत्रांच्या शर्यतींच्या बाबतीत ही उणीव अधिकच जाणवते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत बहराला आलेल्या आउटबोर्ड होड्यांच्या शर्यती आणि त्यांचा इतिहास जपण्यासाठी तेथील हौशी मंडळींनी केलेला खटाटोप यांकडे आम्ही या दृष्टीने पाहू इच्छितो. भिवंडी तालुक्यातील दिघाशीसारख्या गावाच्या बाजूने हा विषय पाहण्याचे प्रयोजन काय, हे पुढे स्पष्ट होईल.

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या पोटात न बसवता तिच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचे इंजिन. वर इंजिनाचे डोके, खाली पाण्यात उतरणारा दांडा, त्याच्या टोकाला पंखा. होडी वळवायची तर सगळे इंजिनच वळवायचे. वेगळे सुकाणू लागत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर लहान मच्छीमार होड्यांच्या पाठीला हे इंजिन सर्रास दिसते. त्याच्या जन्माची कथा मोठी गोड आहे. मिलवॉकीचा ओले एव्हिनरूड हा मूळचा नॉर्वेचा. सहलीला गेला असता प्रेयसीला आइस्क्रीम खावेसे वाटले, म्हणून तो भर उन्हात वल्ही मारीत तळ्यापलीकडे गेला. परत येईतो आइस्क्रीम वितळले आणि होडीला इंजिन लावण्याचा विचार त्याच्या मनात आला. १९०९ मध्ये त्याचे दीड अश्वशक्तीचे, ६२ पौंड वजनाचे इंजिन बाजारात आले. परंतु कॅमेरॉन वॉटरमन याने असे इंजिन त्यापूर्वीच, १९०५ च्या सुमारास तयार केले होते, आणि त्याच्याही आधी, १८९६ च्या सुमारास, एका अमेरिकन कंपनीने तसा प्रयत्न केला होता. तरी लोकांच्या स्मरणात राहिला तो एव्हिनरूड. तारखा वॉटरमनच्या बाजूला होत्या, कथा एव्हिनरूडच्या. आद्य कादंबरी कोणती, आद्य कवी कोण, या आपल्याकडील वादांतही कथेने तारखेवर मात केल्याची उदाहरणे वाचकांना सहज आठवतील.

मोटारबोटींच्या शर्यतींची अमेरिकेतील मुख्य संघटना १९०३ ची. त्या काळच्या शर्यती धनिकांच्या होत्या. प्रचंड इंजिने आणि महोगनीच्या लांबलचक होड्या. आउटबोर्डने हा खेळ कारागिराच्या आणि दुकानदाराच्या आवाक्यात आणला. इंजिन मोटारीच्या मागे टाकायचे, होडी टपावर बांधायची आणि रविवारी तळे गाठायचे. इंजिनाच्या घनफळावरून वर्ग ठरले: 'बी' म्हणजे २० घनइंच, 'सी' ३०, 'एफ' ६०. १९३० च्या सुमारास जॉन्सन आणि एव्हिनरूड या कंपन्यांनी खास शर्यतीसाठी घडवलेली इंजिने आली. जॉन्सनचे 'पीआर' हे 'सी' वर्गाचे आणि एव्हिनरूडचे चार सिलिंडरांचे 'फोर-सिक्स्टी' हे 'एफ' वर्गाचे इंजिन जाणकारांच्या बोलण्यात आजही आदराने येते. स्त्रियांनाही येथे जागा होती. कॅलिफोर्नियाची लॉरेटा टर्नबुल हिने १९३० च्या आगेमागे पुरुषांच्या बरोबरीने शर्यती जिंकल्या. हडसन नदीतून ऑल्बनीपासून न्यूयॉर्कपर्यंत सुमारे १३० मैलांची शर्यत होत असे. लाटा आणि तरंगते ओंडके यांतून इतके अंतर कापून शेवटास जाणे हाच तेथे अर्धा विजय.

या शर्यतीची सुरुवात मोठी नाट्यमय असते. होड्या एका रांगेत उभ्या राहून इशाऱ्याची वाट पाहत नाहीत. त्या आधीच पाण्यात घिरट्या घालीत असतात. काठावर एक मोठे घड्याळ शेवटची सेकंदे मोजत असते, आणि काटा शून्यावर येण्याच्या क्षणी पूर्ण वेगात आरंभरेषा ओलांडायची असते. क्षणभर आधी ओलांडली तर बाद. उशीर झाला तर पुढच्यांनी उडवलेल्या पाण्याच्या भिंतीत शिरायचे. हाकणारा गुडघे टेकून पुढे वाकलेला, एका हाताने चाक धरलेले, दुसऱ्या हाताने इंधनाचा दांडा दाबून धरलेला. तो पाण्यात फेकला गेला की दांडा आपोआप सुटतो आणि इंजिन मंदावते. हे वर्णन वाचून कळते, पण कितपत? १९५८ मध्ये ह्युबर्ट एन्ट्रॉप याने सिॲटलच्या तळ्यावर आउटबोर्ड होडीने ताशी १०७ मैलांहून अधिक वेग गाठला आणि १९६० मध्ये ताशी १२२ मैलांची मर्यादा ओलांडली. हे आकडे खरे आहेत. त्यांतून पाण्याचा एकही थेंब अंगावर उडत नाही.

आता एरंडेलाविषयी. शर्यतीच्या इंजिनांत पुढे पेट्रोलऐवजी मिथेनॉल हा मद्यार्क वापरू लागले. दोन-स्ट्रोक इंजिनाला वंगण इंधनातच मिसळावे लागते आणि खनिज तेल मिथेनॉलमध्ये मिसळत नाही. एरंडेल मिसळते. म्हणून त्या तळ्यांवर, धुराड्यांच्या कर्णकर्कश आवाजासोबत, जळत्या एरंडेलाचा गोडसर वास पसरे. त्या काळचे म्हातारे खेळाडू शर्यतीच्या आठवणी काढताना निकालांच्या आधी या वासाविषयी बोलतात. मराठी घरांत रविवारी सकाळी नाक दाबून एरंडेल प्यायलेल्या पिढीला ही आसक्ती चमत्कारिक वाटेल. असो. इतिहासाच्या दृष्टीने त्यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. तापलेले एरंडेल थंड झाल्यावर डिंकासारखे चिकटते. शर्यतीनंतर इंजिन धुतले नाही तर ते जाम होते. अडगळीत पडलेले, दट्ट्या न हलणारे इंजिन हाती आले की मुरलेला संग्राहक ते हातोड्याने ठोकीत नाही. ते भिजवतो, शेकतो आणि वाट पाहतो. हे शहाणपण कंपनीच्या पुस्तिकेतून येत नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि मधला हात गेला की थांबते.

जपणुकीच्या कामाला संघटित रूप आले ते १९६० च्या दशकाच्या मध्यास, जुन्या आउटबोर्ड इंजिनांच्या संग्राहकांचा क्लब निघाला तेव्हा. पीटर हन याचे 'द ओल्ड आउटबोर्ड बुक' या मंडळींच्या हाताशी असते. होड्या फारशा उरल्या नाहीत. पातळ फळ्या, प्लायवूड आणि कॅनव्हास यांचे आयुष्य ते किती? इंजिने उरली, कारण ॲल्युमिनियम आणि पितळ कुजत नाही. म्हणजे या खेळाचा उरलेला पुरावाच मुळात असमतोल आहे. इंजिने घडवणाऱ्यांचा इतिहास सांगता येतो, परसात होडी बांधणाऱ्या सुताराचा सांगणे कठीण. पंख्यांचीही तीच गत. दोन पात्यांचा काशाचा पंखा कानशीने घासून घासून सुरीच्या धारेइतका पातळ करणारे कारागीर होते. कुठे किती घासले हे त्यांनी कागदावर लिहिले नाही, कारण ते त्यांचे व्यापारी गुपित होते. आज तो पंखा हातात घेऊन बोटानेच वाचावा लागतो.

संग्राहकांत एक जुना वाद आहे. मिळालेले इंजिन मूळ रंगासह, ओरखड्यांसह, मूक ठेवावे, की दुरुस्त करून पुन्हा पाण्यात उतरवावे? चालवले की ते झिजते. एखादा मूळ भाग तुटला तर तसा पुन्हा मिळत नाही. न चालवले तर उरते ते केवळ धातूचे शिल्प. आम्ही चालवणाऱ्यांच्या बाजूचे आहोत, आणि त्याचे कारण भावनेपेक्षा पुराव्याशी निगडित आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मर्क्युरी कंपनीच्या इंजिनांनी शर्यतींत धुमाकूळ घातला. कार्ल कीकहाफर याने १९३९ मध्ये सुरू केलेली ही कंपनी. तिच्या एका गाजलेल्या इंजिनावर १० अश्वशक्ती असा शिक्का होता आणि प्रत्यक्षात ते त्याहून बरेच अधिक बळ देई. जाहिरात पाहिली, पुस्तिका पाहिली, इंजिनावरची पट्टी पाहिली, तरी सर्वत्र १०. सारी लिखित साधने एकमुखाने साक्ष देतात आणि साक्ष चुकीची असते. ती उलट तपासता येते ती इंजिन सुरू करूनच. संहितेची चिकित्सा करणाऱ्याला यापेक्षा बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

येथे आम्हांला भिवंडी आठवते. ज्या कामवारी नदीकाठी आज गोदामांची आणि यंत्रमागांची वस्ती आहे, तेथून खाली खाडी लागते. १६५७ च्या अखेरीस कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांकडे आली आणि याच खाडीच्या परिसरात मराठ्यांच्या आरमाराची पहिली जहाजे बांधली गेली. हे आपल्याला कशावरून कळते? मुख्यतः, धास्तावलेल्या पोर्तुगीजांच्या कागदपत्रांवरून. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी ती साधने धुंडाळली, भा. कृ. आपटे यांनी १९७३ मध्ये मराठा आरमाराचा इंग्रजी इतिहास सिद्ध केला. कागद वाचले. जहाज मात्र एकही उरले नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गास आंग्र्यांचे आरमार जळाले, तेव्हा त्या बांधणीचे केवढे ज्ञान त्यासोबत गेले याचा हिशेब कोणत्याच दफ्तरात नाही. गलबताला शीड किती, तोफा किती हे सांगता येते. ते वाऱ्यावर किती कलत असे हे कसे सांगणार?

याउलट मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी सागवानात बांधलेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात सोडलेली 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. सागवान टिकाऊ हे एक कारण. दुसरे असे की लढाऊ जहाज म्हणून तिचे काम संपल्यावरही, नाव बदलून का होईना, दीर्घकाळ मुलांच्या शिक्षणासाठी ती वापरात राहिली. १९९० ते २००१ या काळात तिची दुरुस्ती झाली, ती शक्य झाली कारण तोवर कुणीतरी तिच्यावर वावरत होते.

वि. का. राजवाडे वाड्यावाड्यांतून रुमाल गोळा करीत हिंडले आणि १८९८ पासून त्यांनी साधनांचे खंड काढले. रद्दीत जाणारा कागद म्हणजे इतिहास, ही जाणीव महाराष्ट्राला त्यांनी आणि त्यांच्या पिढीने दिली. भंगारात जाणाऱ्या यंत्राविषयी तशी जाणीव आपल्यात नाही. भिवंडीत जुने यंत्रमाग किलोच्या भावाने विकले जातात; कोणता माग मुंबईच्या कोणत्या गिरणीतून आला, त्यावर कोणते कापड निघाले, हे विचारण्यापूर्वीच तो वितळतो. मग होडीच्या इंजिनाची काय कथा?

आउटबोर्ड शर्यत आपल्या किनाऱ्याला अगदीच परकी नाही. मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर 'पी१ पॉवरबोट'ची शर्यत झाली. बाहेरून आणलेल्या होड्या, पाठीला २५० अश्वशक्तीची आउटबोर्ड इंजिने. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, अमरावतीस (विदर्भातील नव्हे, कृष्णाकाठच्या) 'एफ१' वर्गाची शर्यत झाली. त्यांची चित्रणे मिळतील, निकाल मिळतील. आम्हांला अधिक ओढ वाटते ती त्या दुसऱ्या, निनावी इतिहासाची. नारळी पौर्णिमेच्या सुमारास कोळीवाड्यांतून आणि एरवी रायगडच्या किनाऱ्यावर शिडाच्या, वल्ह्यांच्या होड्यांच्या शर्यती होत आल्या आहेत. त्याच होड्यांच्या पाठीला पुढे इंजिन आले. पेट्रोलवर सुरू करून घासलेटवर चालवायची ती इंजिने. दोन्ही टोकांना निमुळत्या असलेल्या होडीला इंजिन अडकवायचे तर मागे सपाट फळी हवी. म्हणजे सुताराला होडीचा आकारच बदलावा लागला. तो प्रथम कोणी बदलला, कोणत्या गावात? शीड उतरवल्यावर तांडेलाची वारा ओळखण्याची विद्या किती वर्षे टिकली? इंजिन लावलेल्या होडीला शर्यतीत घ्यायचे की नाही, यावर गावकीत भांडण झाले का? आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या तांडेलांना आणि सुतारांना हे विचारता येईल. आणखी वीस वर्षांनी येणार नाही.

बंदराच्या गावी इंजिन दुरुस्त करणाऱ्याचे एखादे दुकान असते, आणि दुकानात उधारीची वही. तारीख, होडीचे नाव, बदललेला सुटा भाग, राहिलेली रक्कम. १९०९ पासून चालत आलेल्या एव्हिनरूड इंजिनांचे उत्पादन २०२० मध्ये कायमचे थांबले, तेव्हा अमेरिकेतील हौशी मंडळी सुट्या भागांच्या जुन्या याद्या जपून ठेवू लागली होतीच. आपल्याकडे अशी यादी असेल तर ती त्या तेलकट वहीत. इतिहासाच्या किंवा मराठीच्या एखाद्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी विषय हवा असेल तर त्याने प्रथम ती वही मागावी; दुकानदार देईल की नाही, हे मात्र त्याच्या स्वतःच्या उधारीवर अवलंबून राहील.