कवायती फौजेतील एक उणीव

ग्वाल्हेर शहराच्या एका मोठ्या भागास ‘लष्कर’ असे नाव आहे. १८१० साली दौलतराव शिंदे यांचा तळ तेथे पडला आणि पुढे त्या छावणीचेच शहर झाले. परंतु त्या वेळेपूर्वीच शिंदेशाही कवायती पलटणींचा वैभवकाळ सरला होता. या पलटणी कोणत्या गरजेतून निर्माण झाल्या आणि उत्तम लढूनही १८०३ साली त्या राज्य का राखू शकल्या नाहीत, याचा थोडा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

१७७९ च्या जानेवारीत वडगाव येथे मराठ्यांनी इंग्रजांस तहास भाग पाडले, ते रसद तोडणे आणि घोडदळाने कोंडी करणे या जुन्या युद्धरीतीने. पण त्याच सुमारास गोडार्डची फौज मध्य हिंदुस्थान तुडवीत सुरतेस पोहोचली. १७८० च्या ऑगस्टात पॉपहॅमने शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला रातोरात घेतला. पुढील वर्षी कॅमॅकने महादजींच्या तळावरच रात्री छापा घातला. रांग धरून चालणारे पायदळ आणि त्यासमवेत चालणारा हलका तोफखाना यांस नुसत्या घोडदळाने उत्तर देता येत नाही, हा या प्रसंगांचा अर्थ होता. १७८२ च्या सालबाईच्या तहाने मिळालेली उसंत महादजींनी वाया घालविली नाही. १७८४ साली त्यांनी सॅव्हॉयच्या डी बॉईनला चाकरीस ठेवून दोन पलटणी उभ्या करविल्या.

दुसरा धडा १७८७ साली लालसोटला मिळाला. महादजींच्या बाजूच्या बादशाही पलटणी तोफांसह शत्रूस जाऊन मिळाल्या. डी बॉईनच्या दोन पलटणी मात्र ढळल्या नाहीत. तोफा व बंदुका असणे निराळे आणि त्या आपल्या असणे निराळे, हे त्या दिवशी कळले. मग महादजींनी दहा-दहा पलटणींचे कंपू उभारले. आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या. फौजेचा पगार थकू नये म्हणून दुआबातील मुलूख तोडून दिला आणि अलीगड हे तिचे ठाणे झाले. १७९० च्या जूनमध्ये पाटण येथे व सप्टेंबरात मेडता येथे या फौजेने राजपूत सैन्याचा मोड केला. उणीव अचूक हेरून ती इतक्या त्वरेने भरून काढल्याची उदाहरणे आमच्या इतिहासात फार नाहीत.

तथापि एक जागा रिकामीच राहिली. शिपाई या देशाचे, तोफा या देशात ओतलेल्या, पण पलटणींचे अधिकारी बहुतेक परके. इंग्रजांविरुद्ध आपण लढणार नाही, ही अट डी बॉईनने आरंभीच घातली होती. मराठी सरदारांच्या मुलांनी पलटणीत तालीम घ्यावी व तिचे सेनापती व्हावे, अशी सोय झाली नाही. महादजी १७९४ च्या फेब्रुवारीत वानवडीस निवर्तले. पुढील वर्षी डी बॉईन चाकरी सोडून गेला. कंपू, ठाणे आणि पगाराचा मुलूख ही तिन्ही पेरन या फ्रेंच सरदाराच्या हाती आली.

१८०३ च्या ऑगस्टात युद्ध जुंपताच गव्हर्नर-जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढून शिंद्यांकडील इंग्रज अधिकाऱ्यांस चाकरी सोडण्याचे आवाहन केले, आणि अनेकांनी ती सोडली. सप्टेंबरच्या आरंभी खुद्द पेरन लेकच्या आश्रयास गेला. ४ सप्टेंबरला अलीगडचा किल्ला पडला, तेव्हा इंग्रजांस दरवाजापर्यंत वाट दाखविणारा ल्यूकन हा शिंद्यांच्याच चाकरीतून आलेला होता!

कवायतीच्या नादी लागून मराठ्यांनी गनिमी कावा सोडला आणि म्हणून राज्य गेले, असे पुष्कळदा म्हटले जाते. आम्हांस हे मत पुरते पटत नाही. २३ सप्टेंबरला असईच्या मैदानात शिंद्यांच्या तोफखान्याने आर्थर वेलस्लीच्या लहानशा फौजेतील पंधराशेंहून अधिक माणसे ठार वा जखमी केली. तोफा शत्रूच्या हाती गेल्यावरही मेल्याचे सोंग करून पडलेले काही गोलंदाज पुन्हा उठले आणि त्यांनी शत्रूवर मागून मारा केला. १ नोव्हेंबरला लासवारी येथे गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या पलटणी जागच्या न हलता जवळजवळ कापल्या गेल्या. हत्यार बोथट नव्हते, ते धरणारी मूठ आपली नव्हती.

महादजींस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. शस्त्र दहा वर्षांत घडविता येते; सेनापती घडवावयास एक पिढी लागते, आणि ती पिढी त्यांस लाभली नाही. दौलतरावांस नऊ वर्षे लाभली होती. ती घरच्या कलहांत गेली. राज्याच्या संरक्षणाचा हिशेब करताना तोफा व शिपाई मोजले जातात. त्यांस हुकूम कोण देणार, आणि संकटाच्या दिवशी तो जागेवर असेल काय, हा रकाना कोरा राहतो. लालसोटला मिळालेला धडा सोळा वर्षांनी अलीगडच्या दरवाजाशी पुन्हा गिरवावा लागला, तो या कोऱ्या रकान्यामुळेच होय.