परलोकाचं खातं आणि विणकरांची श्रेणी

मेल्यानंतर पुढे काही आहे की नाही, हा प्रश्न मी आज सोडवणार नाही. तो तत्त्वज्ञांचा आणि कीर्तनकारांचा प्रांत. इतिहासाच्या माणसाला वेगळाच प्रश्न पडतो. पुढे काहीतरी आहे असं मानणाऱ्यांनी इथं, जिवंतपणी, काय केलं? पैसा कुठे घातला, कुणाला सवलत दिली, कुणाला धमकावलं? याचं उत्तर पोथ्यांपेक्षा दगडावर आणि तांब्यावर जास्त नेमकं मिळतं. पोथी सांगते काय करावं. लेख सांगतो की अमक्यानं अमुक केलं.

सुरुवात दिल्लीपासून करू. तिथल्या श्रोत्यांना फिरोजशाह कोटला माहीत आहे. तिथे वर उभा असलेला स्तंभ अशोकाचा. फिरोजशाह तुघलकानं १४व्या शतकात तो आजच्या हरियाणातल्या टोपऱ्याहून आणवला. त्यावरच्या चौथ्या लेखात अशोक एक हुकूम देतो. राज्याभिषेकाला २६ वर्षं झाली आहेत. हुकूम असा की ज्या कैद्यांना मृत्युदंड ठरला आहे, त्यांना तीन दिवसांची मुदत द्यावी. या तीन दिवसांत नातेवाईक अधिकाऱ्यांकडे जाऊन रदबदली करतील. ते जमलं नाही, तर कैदी परलोकासाठी दान देईल, उपवास करील.

मला हा लेख अशोकाच्या सगळ्या लेखांत सर्वांत अवघड वाटतो. कलिंगाबद्दल पश्चात्ताप करणारा राजा फाशी रद्द करत नाही, मुदत देतो. शिक्षा कायम ठेवूनही दयाळू राहायची सोय त्याला परलोकानं करून दिली, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण दुसरी बाजूही बघा. ते तीन दिवस खरे होते, याच जगातले होते. एखाद्याचा भाऊ धावपळ करून अधिकाऱ्यापर्यंत पोचला असेल, आणि एखाद्याचा जीव वाचलाही असेल. कल्पना पुढच्या जगाची, आणि फायदा झालाच तर या जगात. हा धागा पुढे वारंवार दिसेल.

आता नाशिक. मुंबई-आग्रा रस्त्यावरून जाताना डोंगरात लेण्यांची रांग दिसते, तीच पांडवलेणी. तिथलं १० नंबरचं लेणं उषवदातानं खोदवलं. हा शक, म्हणजे बाहेरून आलेल्या घराण्यातला, क्षत्रप नहपानाचा जावई. काळ साधारण इसवी सनाचं पहिलं-दुसरं शतक. याच्या दानांची यादी वाचताना दम लागतो. पुष्करला स्नान करून ३००० गाई आणि एक गाव. प्रभासला ब्राह्मणांची लग्नं लावून दिली. भडोच, दशपूर म्हणजे मंदसोर, गोवर्धन आणि सोपारा इथे धर्मशाळा. आणि मला सर्वांत आवडणारं दान म्हणजे तापी, दमण, पारदा, डहाणुका अशा नद्यांवर फुकट होड्या. पुण्य राजाच्या जावयाला मिळालं की नाही ते सोडा. डोक्यावर बोजा घेऊन पलीकडे जाणाऱ्या माणसाचं भाडं मात्र नक्की वाचलं.

पण खरी गंमत त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात आहे. वर्ष ४२. उषवदात लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी ३००० कार्षापण देतो, पण भिक्षूंच्या हातात नाही. गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे तो २००० ठेवतो, दरमहा शेकडा १ व्याजानं. दुसऱ्या श्रेणीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण दरानं. मुद्दल कधीच परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. याला ‘अक्षयनीवी’ म्हणत. आता हिशोब करा. २००० वर महिना २०, वर्षाला २४०. लेखात सांगितलंय की पावसाळ्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. वीस बारे दोनशे चाळीस. पै इकडची तिकडे नाही. शिवाय हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि रीतीप्रमाणे फळ्यावर नोंदवलं, असंही लेख सांगतो.

थोडं थांबू इथे. पुण्य अक्षय हवं, म्हणून ठेव अक्षय हवी. ठेव अक्षय हवी, म्हणून ती धंदा करणाऱ्यांकडे हवी. विणकराला मागासाठी, सुतासाठी भांडवल मिळालं. गावातल्या कारागिरांची संघटना बँकेचं काम करू लागली. एका तरी दात्याच्या मनातली दीर्घ काळाची कल्पना इथे थेट पतपुरवठ्यात उतरलेली दिसते. आणि त्यानं नुसत्या श्रद्धेवर भागवलं नाही, सभेत नोंद करून घेतली. हे मला फार मराठी वाटतं, जरी माणूस शक होता.

हे फक्त राजेलोकांचं नव्हतं. कान्हेरीला सामान्य दात्यांचे कितीतरी लेख आहेत, त्यांत आईवडिलांच्या पुण्यासाठी म्हणून दान दिलेलं सापडतं. पाण्याची टाकी, बसायचा ओटा, खोली. आभीर राजा ईश्वरसेनाच्या ९व्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या एका उपासिकेनं नाशिकलाच अशी ठेव ठेवली. तेल गाळणाऱ्यांसकट वेगवेगळ्या श्रेणींकडे. कशासाठी? आजारी भिक्षूंच्या औषधासाठी.

पण इथवर गोड बाजू झाली. जमिनीचं दान आलं की सूर बदलतो. ताम्रपटांच्या शेवटी, मग तो विदर्भातल्या वाकाटकांचा असो, वलभीच्या मैत्रकांचा असो की बंगालमधला गुप्तकाळातला, व्यासांच्या नावावर काही ठरावीक श्लोक येतात. आशय असा: जमीन देणारा ६०,००० वर्षं स्वर्गात राहतो, हिरावणारा तितकीच वर्षं नरकात. दुसरा श्लोक त्याला पितरांसकट विष्ठेतला किडा करतो. राजा मेला, घराणं बदललं, तर दान मानणार कोण? पुढच्या राजाला ओढून आणील असं कोर्ट कुठे होतं? मग तेच काम नरकाकडे सोपवलं.

ते कितपत चाललं? दोन ताम्रपट समोर ठेवतो. पहिला अमरावती जिल्ह्यातला, चम्मकचा. वाकाटक दुसरा प्रवरसेन ८००० भूमी मापाची जमीन १००० ब्राह्मणांना देतो, पण अट घालतो. राज्याविरुद्ध द्रोह, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार, दुसऱ्या गावांवर हल्ला, यांतलं काही केलं तर जमीन परत घेणाऱ्या राजाला चोरीचं पाप नाही. म्हणजे नरकालाही पोटनियम! राजाला हे ठाऊक होतं की स्वर्गात जाणारं दान इथं डोकेदुखी ठरू शकतं.

दुसरा उत्तर प्रदेशातल्या मधुबनचा, ७व्या शतकातला, सम्राट हर्षाचा. सोमकुंडका नावाचं गाव वामरथ्य नावाचा ब्राह्मण उपभोगत होता. कशाच्या जोरावर? खोट्या ताम्रपटाच्या. हर्षानं तो पट मोडला आणि गाव दुसऱ्यांना दिलं. आता विचार करा. साठ हजार वर्षांच्या नरकाची भीती ज्यांनी जपायची, त्यांच्यातल्याच एकानं बनावट दस्त वापरला. नरकाची भीती सगळ्यांना सारखी नसते, आणि दस्त लिहिणाऱ्याला बहुधा सर्वांत कमी असते. असे बनावट पट अभ्यासकांना बरेच सापडले आहेत.

कोकणात लोकांनी यावर वेगळाच तोडगा काढला. गधेगाळ बघितला असेल तुम्ही. उभा दगड, वर सूर्यचंद्र, मधे लेख, खाली गाढव आणि स्त्री. दान मोडणाऱ्याला आईवरून दिलेली शिवी, तीही चित्रासकट. साठ हजार वर्षं नंतर. ही अब्रू आत्ता, गावासमोर. आणि त्यातही अपमान सोसायचा तो कुणी? ज्या बाईनं काही हिरावलं नाही, तिनं. जमिनीचं रक्षण बाईच्या शरीरावर टांगून केलं, हे बघितल्याशिवाय या दगडांचं कौतुक करू नये.

मुंबईतल्या परळचा, शिलाहार राजा अपरादित्याचा १२व्या शतकातला लेख पाहा. दानाचा मजकूर संस्कृतात आहे. शेवटचा शाप तेवढा मराठीत. ज्यांना पुण्याची कागदपत्रं दाखवायची होती त्यांची भाषा वेगळी, आणि ज्यांना भीती घालायची होती त्यांची वेगळी. आपल्या भाषेच्या सुरुवातीच्या लेखांपैकी एक हा असा आहे.

पुढच्या भागात वीरगळांकडे वळू. तिथे खालच्या चौकटीत लढाई असते, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच माणूस. गुरं राखताना मेलेल्या गड्याला गावानं तिथवर कसं पोचवलं, ते तेव्हा बोलू.