खरखर कुठली? फोनच्या तारेवरच्या इंटरनेटची गोष्ट

आज गप्पा सुरू करण्याआधी एक आवाज आठवून बघा. 2000 सालच्या आसपास ज्यांच्या घरात किंवा शेजारी संगणक होता, त्यांना तो आठवेलच. आधी फोन उचलल्यावर येतो तसा ‘भुंऽऽ’ सूर. मग नंबर लावल्याची टिंगटिंग. मग पलीकडून एक लांब शिट्टी, आणि शेवटी तापल्या तेलात ओली भाजी पडावी तसा चर्र आवाज. तो आवाज थांबला की पोरं ओरडायची, “लागलं!”

गंमत अशी, की आवाज बंद होणं ही चांगली खूण होती. तोवर दोन मोडेम एकमेकांशी बोलत असत. एक आपल्या घरातला, दुसरा जिल्ह्याच्या ठिकाणी इंटरनेट पुरवणाऱ्याकडचा. लांब शिट्टी ही पलीकडच्या मोडेमची ‘मी आलो’ अशी हाक, आणि तिनेच तारेवरची प्रतिध्वनी दाबणारी यंत्रं बंद व्हायची. चर्र आवाजात दोघं तार तपासायचे: किती खरखर आहे, किती वेगानं बोलता येईल. जमलं की मोडेम आपला स्पीकर मिटायचा.

आता हे सगळं आवाजात का? कारण टेलिफोनची तार माणसाच्या बोलण्यासाठी टाकलेली. सेकंदाला साधारण 300 ते 3400 कंपनं, एवढाच आवाज ती नेते. संगणकाला बोलता येत नाही, म्हणून त्याची माहिती आवाजात बदलायची आणि पलीकडे आवाजाची परत माहिती करायची. हे काम करणारा तो मोडेम. अमेरिकेत 1962 साली आलेला बेल 103 नावाचा मोडेम सेकंदाला 300 बिट पाठवायचा, म्हणजे जेमतेम तीसेक अक्षरं. आपल्या घरांत आला तो 56,000 बिटांचा. पण तो वेग डब्यावर छापलेला. प्रत्यक्षात तीस-चाळीस हजार मिळाले तरी नशीब. एक साधा फोटो उतरायला अर्धा मिनिट लागायचा, तेवढ्यात आधणाला उकळी यायची.

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं 15 ऑगस्ट 1995 ला. विदेश संचार निगमनं, म्हणजे व्हीएसएनएलनं, ते मोठ्या शहरांत सुरू केलं, त्यात मुंबई होती. पैसे हजारांत मोजावे लागत, आणि तरी लाइन लागत नसे. ओरड इतकी झाली की निगमचे तेव्हाचे प्रमुख बी. के. सिंगल यांनी चूक झाल्याचं जाहीरपणे कबूल केलं. 1998 च्या अखेरीस खासगी कंपन्यांनाही परवानगी मिळाली आणि मग दर उतरू लागले.

गावाकडची वाट वेगळी होती. इथे आधी टेलिफोनच यायचा होता. 1984 साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेनं खेड्यांसाठी छोटं एक्स्चेंज बनवलं. त्याला वातानुकूलित खोली लागत नसे, धुळीत-उन्हात चालायचं. पहिलं 1986 साली कर्नाटकात कित्तूरला बसलं, हो, तेच राणी चेन्नम्माचं कित्तूर. मग गावोगावी अशी एक्स्चेंजं आली, एसटीडीचे पिवळे बूथ आले, आणि तीच तांब्याची तार पुढे इंटरनेटची झाली. जिथे तारच पोचली नाही तिथे गावच्या सार्वजनिक फोनसाठी रेडिओवर चालणारी एमएआरआर नावाची यंत्रणा लावली होती. ती बोलण्यालाही धड साथ देत नसे, तिच्यावर इंटरनेट कुठलं चालणार! मद्रास आयआयटीत प्रा. अशोक झुनझुनवाला यांच्या गटानं बनवलेली कॉर्डेक्ट ही बिनतारी यंत्रणा याच अडचणीवर होती. तिच्यावर फोन आणि इंटरनेट दोन्ही चालायचं.

आमच्या बचतगटातल्या काकींच्या घरी 2003 साली संगणक आला. त्यांच्या दिरानं पुण्याहून वापरलेला आणून दिला होता, लेक अकरावीत म्हणून. पहिल्याच दिवशी पडद्यावर इंग्रजीत आलं: डायल टोन नाही, क्रमांक 680. भाऊजी म्हणाले, “वहिनी, तुम्ही काहीतरी दाबलं असणार.” पुढची दोन वर्षं काहीही बिघडलं की हेच वाक्य. बायकांनी हात लावला, म्हणून बिघडलं.

खरं तर फोन कानाला लावला की टोन ऐकू येत होता. मग मोडेमला का नाही? तालुक्याच्या संगणक वर्गात शिकवणाऱ्या मुलीनं उलगडून सांगितलं. प्रत्येक देशाचा टोन निराळा. अमेरिकेतला टोन दोन सुरांचा, आपला जरासा थरथरता. परदेशी मोडेमला आपला टोन ओळखता येत नाही, तो आपला वाट बघत बसतो. मोडेमच्या सेटिंगमध्ये ‘टोनची वाट पाहून मगच डायल कर’ असा एक चौकोन असतो, त्यातली खूण काढायची. काढली, आणि दुसऱ्या मिनिटाला शिट्टी आली. म्हणजे दोष काकींचा नव्हता, त्या मोडेमला आपला सूरच ठाऊक नव्हता.

तेव्हापासून आम्ही गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर नोंदी करू लागलो. 680 आला तर आधी मोडेमची वायर काढून फोन थेट भिंतीवरच्या रोझेटला लावायचा आणि ऐकायचं. टोन नसेल तर दोष बाहेर तारेत, असेल तर घरात. 676 म्हणजे पलीकडे लाइन व्यस्त. 678 म्हणजे कुणी उत्तर देत नाही. 691 म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला, आणि बहुतेक वेळा कॅप्स लॉकचा दिवा लागलेला असायचा. इंग्रजी वाक्य वाचता आलं नाही तरी आकडा वाचता येतो, हे आमच्या फार कामाला आलं. आकडे तर आम्ही बँकेच्या पासबुकात रोजच वाचत होतो.

एक कोडं मात्र बरेच दिवस सुटेना. संध्याकाळी चारच्या सुमाराला इंटरनेट हमखास तुटायचं. मोडेम बदलून झाला, वायर बदलून झाली. शेवटी वहीत वेळा लिहिल्या तेव्हा लक्षात आलं. माजघरात दुसरा फोन होता, त्याच तारेवर. काकींच्या सासूबाई दुपारची झोप झाली की लेकीला फोन करायला तो उचलायच्या. उचलला की दोन मोडेमच्या बोलण्यात तिसरा आवाज शिरला, संपलं. सासूबाईंना इंटरनेट कसं समजवायचं? काकींनी त्यांना एकदा रिसीव्हर कानाला लावून तो चर्र आवाज ऐकवला. त्या म्हणाल्या, “अगो, मला वाटायचं एक्स्चेंजात कुणी तळण तळतंय.” त्यानंतर त्या उचलायच्या आधी विचारायच्या. फोनचं बिल मात्र कुणाला विचारून येत नव्हतं. इंटरनेटचे पैसे वेगळे आणि फोनचे वेगळे, घड्याळ दोन्हीकडे पळायचं. म्हणून पत्र आधी लिहून ठेवायचं, लाइन लावायची, पाठवायचं आणि लगेच तोडायचं.

पावसाळ्यात खरी परीक्षा. वीज कडाडायला लागली की मोडेमची वायर काढून ठेवायची, नाहीतर तारेवरून दणका येऊन कार्ड जळायचं. एका वळवात तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याकडे जळलेल्या कार्डांचा ढीग लागला होता. आणि भिज पावसात खरखर. ती ऐकायची एक युक्ती आहे. फोन उचलून एकच आकडा दाबायचा, टोन थांबतो, आणि त्या शांततेत तार कशी आहे ते ऐकू येतं. चांगली तार गप्प असते. आम्ही जोडलं गेल्यावर पडद्यावर दिसणारा वेगही लिहू लागलो. कोरड्या दिवशी 40,000 च्या पुढे, झड लागली की 19,200. लाइनमन दादांनी आधी तेच ऐकवलं, संगणकाला बायकांनी हात लावला असेल. काकींनी वही पुढे केली. तारीख, पाऊस, वेग. ते गप्पच झाले, आणि शिडी घेऊन चिंचेजवळच्या खांबावर चढले. जोड उघडला तर आतलं तांबं हिरवंगार, बोटानं चुरावं असं. नवा जोड बसला आणि खरखर गेली. भाऊजींचं ते वाक्य त्यानंतर आम्ही ऐकलं नाही.

2004 च्या बारावीच्या निकालादिवशी मात्र वहीचा उपयोग झाला नाही. दुपारपासून 676, 676, 676. एक्स्चेंजकडून इंटरनेटवाल्याकडे जाणाऱ्या एका डिजिटल जोडणीवर एका वेळी तीसच कॉल मावतात, आणि प्रत्येक कॉलला पलीकडे एक मोडेम मोकळा लागतो. अशा मोजक्या जोडण्यांवर सगळा जिल्हा तुटून पडलेला. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच. काकींच्या नवऱ्यानं सांगून ठेवलं होतं, नापास झाली तर स्थळं बघायला सुरुवात करू. आम्ही पाचसहाजणी आळीपाळीनं त्या यंत्रासमोर बसलो, डायल, व्यस्त, परत डायल. स्वयंपाक कुणी केला आठवत नाही. रात्री सव्वाअकराला शिट्टी आली. पान उतरायला चार मिनिटं लागली, वरून खाली, ओळीओळीनं. आधी नाव आलं, मग विषय, आणि सगळ्यात शेवटी ‘पास’. ती मुलगी आज नर्स आहे.

जानेवारी 2005 पासून सरकारी टेलिफोन कंपनीचं ब्रॉडबँड येऊ लागलं. तार तीच होती. फक्त बोलण्याच्या कंपनांच्या वरची जागा इंटरनेट वापरू लागलं, आणि भिंतीवर एक छोटी डबी बसली, स्प्लिटर, ती दोन्ही वेगळं करायची. सासूबाईंना आता विचारायची गरज उरली नाही. काकींकडे ते 2007 साली आलं, शिट्टी आणि चर्र कायमचं बंद झालं.

वही अजून आमच्या पेटीत आहे. त्या पानावरची शेवटची नोंद 2007 च्या जुलैची: “ब्रॉडबँड दोन दिवस बंद. पाऊस. चिंचेजवळचा जोड बघायला सांगितला.”