अमॉक टाइम

अमॉक टाइम : ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या (१९६६–६९) दुसऱ्या पर्वातील पहिला भाग. एनबीसी वाहिनीवरून १५ सप्टेंबर १९६७ रोजी प्रथम प्रक्षेपित. लेखक थिओडोर स्टर्जन (१९१८–८५), दिग्दर्शक जोसेफ पेव्हनी (१९११–२००८), संगीत जेराल्ड फ्रीड. प्रमुख भूमिका : विल्यम शॅटनर (कॅप्टन जेम्स कर्क), लिओनार्ड निमॉय (स्पॉक), डिफॉरेस्ट केली (डॉ. मॅकॉय), सीलिया लोव्हस्की (टिपाऊ), आर्लीन मार्टेल (टिप्रिंग), लॉरेन्स मॉन्टेन (स्टॉन). चित्रीकरणाच्या क्रमाने हा पर्वातला पाचवा भाग. दाखवला गेला मात्र सर्वांत आधी. त्यामुळे वॉल्टर केनिगचा चेकॉव्ह प्रेक्षकांना प्रथम येथे दिसतो. डॉ. मॅकॉयचे काम करणाऱ्या केलीचे नाव शीर्षकपट्टीत येऊ लागले तेही याच पर्वापासून.

कथानक : एंटरप्राइझ या ताऱ्यांदरम्यान फिरणाऱ्या यानावरील विज्ञान-अधिकारी स्पॉक हा व्हल्कन वंशाचा, म्हणजे भावनांना थारा न देणारा. तोच अन्न सोडतो, चिडतो, परिचारिका चॅपेलने आणलेले सूप भिंतीवर भिरकावतो आणि व्हल्कनला जाण्यासाठी रजा मागतो. कर्क यान तिकडे वळवतो. मात्र अल्टेअर-६ या ग्रहावरील शपथविधी सात दिवस अलीकडे आल्याचा निरोप येतो आणि त्याला तो बेत रद्द करावा लागतो. त्यावर स्पॉक परस्पर यानाची दिशा बदलतो. विचारले तर आपण असा हुकूम दिल्याचे त्याला आठवत नाही. आठवडाभरात व्हल्कनला पोचला नाही तर हा वाचणार नाही, असे मॅकॉयचे निदान. हा ‘पॉन फार’ नावाचा समागमकाळ असल्याचे स्पॉक मोठ्या संकोचाने कर्कला एकांतात सांगतो. त्याचे सात वर्षांचे चक्र मालिकेत पुढे, ‘द क्लाउड माइंडर्स’ या भागात सांगितले आहे. प्रस्तुत भागावर ते मागाहून लादले जाते.

व्हल्कनवर स्पॉकची बालपणी ठरवलेली वधू टिप्रिंग विवाहास नकार देऊन द्वंद्वाचा हक्क मागते. तिचा प्रियकर स्टॉन पुढे सरसावतो, पण ती आपल्या बाजूने लढण्यासाठी कर्कची निवड करते. अशा अवस्थेत स्पॉक स्टॉनपुढे टिकणार नाही, तेव्हा आपणच उभे राहावे आणि वेळ येताच हार मानावी, असा कर्कचा हिशेब. लढत प्राणांतिक आहे हे त्याला होकार दिल्यावर कळते. विरळ, तापलेल्या हवेत कर्कचा दम तुटू लागतो. श्वसनाला मदत करणारे औषध म्हणून मॅकॉय त्याला जे टोचतो, त्याने शरीर मृतवत होते. कर्कला मारले या समजुतीने स्पॉकचा ज्वर उतरतो. टिप्रिंगची नड उरत नाही. तिला स्टॉनच्या हवाली करून तो स्वतःला अटकेसाठी हजर करायला यानावर परततो. तेथे कर्क जिवंत दिसताच तो हसून त्याला ‘जिम’ अशी हाक मारतो. क्षणभरच.

आज्ञाभंग : या भागाविषयीच्या बहुतेक लिखाणात विवाहविधी आणि द्वंद्व यांनाच जागा मिळते. अधिकाराच्या दृष्टीने पाहता खरा प्रसंग त्याआधीचा, कर्कच्या यानावर घडणारा आहे. ॲडमिरल कोमॅक मार्ग बदलायला परवानगी नाकारतो. दीर्घ संघर्षानंतर अल्टेअर नुकतेच सावरत आहे आणि तिथल्या उपस्थितीचा परिणाम क्लिंगॉन साम्राज्यापर्यंत जाईल, हे त्याचे कारण ऐकणाऱ्याला पटण्यासारखे आहे. लेखकाने वरिष्ठाला मूर्ख ठरवण्याची पळवाट घेतलेली नाही. तरीही कर्क यान व्हल्कनकडे नेतो. त्याचा युक्तिवाद दुपदरी आहे. अल्टेअरला तीन याने जाणार आहेत, त्यांतले एक उशिरा पोचले तर समारंभ अडणार नाही, हा पहिला पदर. स्पॉकने आपला जीव अनेकदा वाचवला आहे आणि त्यापुढे नोकरीची मातब्बरी नाही, हा दुसरा. चाहत्यांना दुसराच स्मरतो. पहिल्यामुळे मात्र कर्क नुसता मित्रवेडा न राहता परिस्थिती जोखणारा अधिकारी ठरतो. स्पॉकने एकांतात सांगितलेले आपण ऐकलेच नाही असे समजावे, ही हमीही त्याने देऊन ठेवलेली असते.

पाठराखण एकतर्फी नाही. विधीच्या गुंगीत बुडालेला, बोलण्याचेही भान न उरलेला स्पॉक त्यातून क्षणभर वर येतो तो कर्कला लढू देऊ नये अशी विधी चालवणाऱ्या टिपाऊकडे याचना करायला. माझ्या मित्राला याचा अर्थ ठाऊक नाही, असे तो विनवतो. टिपाऊ त्याला फटकारते आणि द्वंद्व पुढे चालू राहते. मॅकॉयचे इंजेक्शन पाहिले तर संरक्षणाचा तिसरा प्रकारही हाती लागतो, आणि यशस्वी झाला तो तेवढाच.

शेवट मात्र सोयीस्कर आहे. टिपाऊच्या शब्दाला वजन असल्याने वरिष्ठांकडून परवानगी येते आणि कर्कच्या गुन्ह्याचा निवाडा टळतो. हाच प्रश्न ‘स्टार ट्रेक ३ : द सर्च फॉर स्पॉक’ (१९८४, दिग्दर्शन निमॉय) या चित्रपटात पुन्हा येतो. तेथे स्पॉकसाठी यान पळवणाऱ्या कर्कला मुलगा आणि यान दोन्ही गमवावी लागतात. पुढच्या चित्रपटात (१९८६) त्याची पदावनती होते. या हिशेबात दूरचित्रवाणीवरील कर्क स्वस्तात सुटला.

अभिवादन : पसरलेल्या बोटांचे व्हल्कन अभिवादन आणि त्याच्या जोडीचे दीर्घायुष्य व भरभराट चिंतणारे वाक्य, दोन्हींचा पहिला वापर या भागात आहे. अभिवादनाची कल्पना निमॉयची (१९३१–२०१५), आणि तिच्याविषयी त्याने स्वतः पुन:पुन्हा सांगितल्यामुळे माहिती मुबलक आहे. बॉस्टनमध्ये वाढलेल्या निमॉयने लहानपणी सिनेगॉगमध्ये कोहनीम, म्हणजे पुरोहितकुळातील पुरुष, आशीर्वाद देताना पाहिले होते. त्या वेळी जमलेल्यांनी डोळे झाकायचे असतात. याने चोरून पाहिले. त्यांच्या हाताची ठेवण ‘शिन’ या हिब्रू अक्षरासारखी असते आणि ते ‘शद्दाय’ या ईश्वरनामाचे आद्याक्षर आहे. दोन व्हल्कन भेटतात तेव्हा काहीतरी खूण हवी, असे त्याने पेव्हनीला सुचवले. पुरोहित दोन्ही हात वापरतात, निमॉयने एकच ठेवला. लोव्हस्कीला बोटे तशी धरणे जमत नव्हते, अशी आठवणही तो सांगत असे. एका धार्मिक विधीतून उचललेली ही मुद्रा पुढे विज्ञानप्रेमींची निधर्मी खूण बनली, हा प्रवास स्वतंत्र नोंदीचा विषय आहे.

संगीत : फ्रीडने (१९२८–२०२३) याआधी स्टॅन्ले कुब्रिकच्या सुरुवातीच्या चित्रपटांना संगीत दिले होते. द्वंद्वाचे त्याचे संगीत मालिकेच्या नंतरच्या भागांत मारामारीच्या प्रसंगांना सर्रास वापरले गेले आणि ‘द केबल गाय’ (१९९६) या चित्रपटात तसेच ‘फ्युचरामा’ या व्यंगमालिकेत त्याची टर उडवली गेली. स्पॉकसाठी बेस गिटारवर वाजणारी धून त्यामानाने दुर्लक्षित राहिली.

नेपथ्य : व्हल्कन ग्रह स्टुडिओतच उभारलेला.

टिप्रिंग : कर्कचीच निवड का केली, या स्पॉकच्या प्रश्नाला तिने दिलेले उत्तर हा पटकथेतील सर्वांत थंड डोक्याचा उतारा. कर्क जिंकला तर तो तिला नको म्हणेल. स्पॉक जिंकला तर तिने आव्हान दिले म्हणून तो तिला सोडेल. सोडले नाही तरी तो दूर यानावर असेल आणि तिला त्याचे नाव, मालमत्ता व स्टॉन मिळेल. स्पॉक या तर्कदोषमुक्त योजनेला दाद देतो. तिला स्पॉक नको का होता, याची चौकशी पटकथा फारशी करत नाही.

प्रभाव : १९६८च्या ह्यूगो पुरस्कारासाठी नाट्याविष्कार गटात पाचही नामांकने ‘स्टार ट्रेक’च्या भागांना होती, त्यांत हा होता. पुरस्कार ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ला गेला. कर्क आणि स्पॉक यांचे नाते मैत्रीचे की प्रेमाचे, यावर १९७०च्या दशकापासून चाहत्यांचे विपुल लेखन झाले आणि त्यात या भागाचा आधार वारंवार घेतला जातो. मते टोकाची असल्याने येथे त्याची चर्चा केलेली नाही. भारतात मूळ मालिका १९८०च्या दशकात दूरदर्शनवर दाखवली गेली. तरुण टिपाऊ ‘एंटरप्राइझ’ या मालिकेत २००४ साली दिसली (भूमिका कारा झेडिकर), तर ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या मालिकेत २०२२पासून टिप्रिंगला (भूमिका जिया संधू) स्वतःचे म्हणणे मांडायला बरीच जागा मिळाली.