मझौलीचा वराह आणि जबलपूरची जोंगा

जबलपूर जिल्ह्यातील मझौली हे गाव तेथील विष्णुवराहामुळे अभ्यासकांस परिचित आहे. मूर्ती कलचुरींच्या काळातील. मंदिर मात्र मूळ वास्तू ढासळल्यावर जुन्याच दगडांचा आधार घेऊन पुन्हा उभारलेले. ज्या राजवंशाचे कोरीव लेख म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनी १९५५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, त्याच्या या अवशेषांत मूळचे कोणते व मागाहूनचे कोणते, हे नक्षीवरून आणि सांध्यांवरून पारखावे लागते.

हीच पारख याच जिल्ह्यात घडलेल्या एका लोखंडी वस्तूसही लागू पडते. १७८१ ते १८१७ या काळात मराठी अंमल अनुभवलेल्या जबलपुरात १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला आणि १९६९ साली लष्करी वाहनांचा. जपानच्या निस्सान पेट्रोल गाडीवरून येथे सैन्यासाठी जी उघडी, कापडी टपाची गाडी तयार झाली, तिला ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘जोंगा’ हे नाव पडले. १९९९ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले.

सैन्यातून निवृत्त होऊन लिलावात निघालेल्या जोंगा आज हौशी मंडळी पूर्वरूपास आणू पाहतात. इंजिनाचे दोष कानांना कळतात. पत्र्याचे दोष रंगाखाली दडतात. म्हणून कुजलेला पत्रा कापण्यापूर्वी त्याच्या कडांची घडी, उठावाच्या रेषा, स्पॉट वेल्डिंगच्या ठिपक्यांमधील अंतर, रिव्हेट व भोके यांची मापे आणि छायाचित्रे घ्यावी लागतात. एक बाजू नष्ट झाली असेल, तर दुसऱ्या बाजूवरून कागदी साचा उलटा करून घेता येतो. मात्र दोन्ही बाजूंची भोके सारखीच असतील असे गृहीत धरता येत नाही. निरुपयोगी वाटणारे भोकही एखाद्या लष्करी साधनाच्या पकडीची खूण असू शकते. पुट्टीचा थर देऊन ते बुजविणे म्हणजे शिलालेखातील अक्षर पुसणेच होय.

या काटेकोरपणास कायद्याचेही कारण आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनास ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद मिळते. परंतु त्याची चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. पहिल्या जोंगा आता त्या वयास पोहोचल्या आहेत. मात्र १९८९ च्या मोटार वाहन नियमांप्रमाणे ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठीच राखीव आहे. तेव्हा मालकाने कितीही निष्ठा दाखविली, तरी जोंगेचा मूळचा लष्करी रंग त्यास रस्त्यावर मिरविता येत नाही.

जेथे रंग परत येत नाही, तेथे पत्र्याची साक्ष अधिकच मोलाची ठरते. आमच्या मते बदललेला प्रत्येक तुकडा नोंदवून ठेवावा व मूळचा तुकडा, तो कुजका असला तरी, जपून ठेवावा. गावापासून दूर राहणाऱ्या आपणां सर्वांस हे निराळे सांगावयास नको: सगळेच बरोबर नेता येत नाही, पण जे नेले, ते कोठले, याची खूण राहावी.