‘आधी’ आणि ‘नंतर’ यांच्या मधले दिवस

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीचं, आपाचं, ऑपरेशन झालं. कॅन्सर होता. डॉक्टरांनी डावा स्तन काढला आणि त्याच वेळी तिथं सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं. उजवी बाजू बरोबरीला यावी म्हणून ती उचलून घेतली. याला ‘लिफ्ट’ म्हणतात. नातेवाइकांना आम्ही ‘छातीचं ऑपरेशन’ एवढंच सांगितलं. या अवयवाचं नाव घ्यायचं नाही, हा आपल्या घरांतला जुना शिरस्ता आहे.

तिसऱ्या आठवड्यात पट्ट्या निघाल्या. आपा न्हाणीघराचं दार लावून बराच वेळ आत राहिली. बाहेर आली तेव्हा म्हणाली, “दोन्ही दोन तऱ्हेचे दिसतात गं. हे असंच राहणार का?” डावी बाजू वर चढलेली, घट्ट, वरून फुगीर. उजवीकडे सूज, स्तनाग्राभोवती चुण्या आणि खाली लालभडक व्रण. तपासणीच्या वेळी डॉक्टर “हळूहळू होईल सगळं” म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. हळूहळू म्हणजे किती दिवस, ते कोणी सांगितलं नाही. मोबाइलवर आपाला फोटोंच्या जोड्याच सापडत होत्या. एक ऑपरेशनच्या आधीचा, एक वर्षभरानंतरचा. मधलं काहीच नाही.

मी इतिहास शिकवते. पुस्तकांत शोधू लागले तेव्हा तिथंही बहुतेक ठिकाणी हेच दिसलं. शल्यविद्येच्या इतिहासात शोध लावणारा डॉक्टर असतो, वर्ष असतं, यश असतं. जखम भरण्याचे दिवस क्वचितच असतात.

एक अपवाद सापडला, तो आपल्या पुण्याचा. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आलं. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी 1792 च्या युद्धात टिपू सुलतानच्या हाती लागला होता. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळच्या एका विटा करणाऱ्या जातीच्या माणसानं त्याच्या कपाळाची कातडी खाली फिरवून नवं नाक घडवलं. पत्र लिहिणाऱ्यानं मधले दिवसही नोंदवले आहेत. पाच-सहा दिवस रोग्याला पाठीवर निजवायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे तुकडे घालायचे. साधारण पंचविसाव्या दिवशी कपाळाशी जोडलेली कातडीची पट्टी तोडायची आणि रूप सुधारावं म्हणून त्या वेळी आणखी थोडी कापणी करायची. म्हणजे पंचविसाव्या दिवशीही ते नाक पुरं झालेलं नसे. हे वाचून दाखवलं तेव्हा आपानं बोटांवर दिवस मोजले. तिचा बावीसावा होता.

लिफ्टची मूळ कल्पना त्याहून कितीतरी जुनी आहे. कॉर्डोब्याजवळच्या मदीनत अल-ज़हरा इथल्या अबुल कासिम अल-ज़हरावी यांनी इ. स. 1000 च्या सुमारास ‘किताब अल-तसरीफ’ हा ग्रंथ पुरा केला. काही पुरुषांची छाती स्त्रीसारखी वाढते, त्यावरची शस्त्रक्रिया त्यात आहे. छाती खाली ओघळली असेल तर वरच्या बाजूला चंद्रकोरीसारखे दोन छेद घ्यायचे, त्यांची टोकं जुळवायची, मधली कातडी आणि चरबी काढायची आणि शिवायचं. सातव्या शतकातला ग्रीक वैद्य पॉल याच्याही ग्रंथात अशी पद्धत आहे. जादा कातडी काढून उरलेली ताणून शिवायची, हेच तत्त्व आजच्या लिफ्टमध्ये आहे.

1895 मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या विन्सेंझ चेर्नी यांनी एका गायिकेच्या स्तनातली गाठ काढली. दोन बाजू विषम दिसू नयेत म्हणून तिच्याच पाठीच्या खालच्या भागातली चरबीची मोठी गाठ काढून त्यांनी त्या पोकळीत बसवली. स्तन भरून काढण्याचा इतिहास बहुधा इथूनच सुरू करतात. म्हणजे आपाची जी तक्रार, ‘दोन्ही सारखे दिसत नाहीत’, तीच या विद्येच्या मुळाशी आहे. तिला नखरा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

सिलिकॉनचं इम्प्लांट आलं 1962 मध्ये, अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात. थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो हे डॉक्टर. पहिली स्त्री टिमी जीन लिंडसे, सहा मुलांची आई. ती आली होती छातीवरचं गोंदण काढायला. डॉक्टरांनी नव्या प्रयोगाबद्दल विचारलं, तेव्हा तिला खरी हौस होती ती आपले कान नीट करून घेण्याची. तेही करून देऊ असं ठरलं आणि ती तयार झाली. शुद्धीवर आल्यावर छातीवर हत्ती बसल्यासारखं वाटलं, असं तिनं पुढे सांगितलं. डॉक्टरांच्या यशाची बातमी जगभर गेली. हे हत्तीचं ओझं मात्र फारसं कोणाला कळलं नाही.

अशा वस्तूंची सुरक्षितता तपासण्याचा कायदा अमेरिकेत 1976 मध्ये झाला. तोवर हजारो स्त्रियांच्या शरीरात ती बसली होती. इम्प्लांट दगडासारखं घट्ट होतं, फुटतं, अशा तक्रारी येत राहिल्या. 1992 मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेनं सिलिकॉनच्या इम्प्लांटवर कडक निर्बंध घातले. 1999 च्या एका मोठ्या अहवालानं सांगितलं, की सर्वांगाच्या आजारांशी संबंध सिद्ध होत नाही. पण फुटणं, घट्ट होणं, पुन्हा ऑपरेशन करावं लागणं हे त्रास खरे आहेत. 2006 मध्ये परवानगी पुन्हा मिळाली. आणि ऑपरेशनआधी धोक्यांची यादी स्त्रीसमोर ठेवून समजावलीच पाहिजे, हा नियम तिथं आला 2021 मध्ये. पहिल्या ऑपरेशननंतर 59 वर्षांनी!

हे सगळं वाचल्यावर आम्ही वहीत प्रश्न लिहिले आणि पुन्हा वेळ घेतली. या वेळी डॉक्टरांनी नीट सांगितलं. आपाचं इम्प्लांट स्नायूखाली आहे. सुरुवातीला स्नायू ताठ असतो आणि इम्प्लांट वर दाबून धरतो. तो सैल होऊन आकार खाली बसायला साधारण तीन ते सहा महिने जातात. शिवणीच्या चुण्या हळूहळू सपाट होतात. व्रण आधी लाल आणि जाड होतो, फिका पडायला वर्ष-दीड वर्ष लागतं. गेलेली संवेदना सगळी परत येतेच असं नाही. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होत नाहीत. पण एकच बाजू अचानक फुगली, ताप आला, लाली पसरू लागली, पू आला, जखम उघडली किंवा कातडी काळी पडू लागली, तर ‘हळूहळू होईल’ म्हणत थांबायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

कोणता त्रास वेळ बरा करते आणि कोणता वेळ वाढवते, एवढा फरक स्त्रीला कळला तरी तिची निम्मी भीती जाते. तो फरक सांगायला दहा मिनिटं लागतात.

घरात एका बाईनं विचारलंच, “जीव वाचला ना, मग रूप कशाला?” मला अबू दाऊद आणि तिर्मिज़ी यांच्या संग्रहातली हदीस आठवली. अरफजा बिन असअद यांचं नाक लढाईत कापलं गेलं होतं. त्यांनी चांदीचं नाक बसवलं, त्याला दुर्गंधी येऊ लागली. पैगंबरांनी (स.) त्यांना सोन्याचं नाक लावायला सांगितलं. ‘जीव वाचला ना’ असं म्हटलं नाही. बसवलेल्या नाकाचा त्रास होतो, ही गोष्ट ऐकून घेतली आणि उपाय सांगितला.

आपाच्या वहीत आता प्रश्नांच्या पुढे तारखा आहेत. कोणत्या दिवशी सूज उतरली, कोणत्या दिवशी हात डोक्यापर्यंत गेला, कोणत्या दिवशी आरशात बघवलं. सहा महिन्यांनी डावी बाजू खाली आली. अर्ध्या बोटाचा फरक राहिला आहे, तो आपाला मान्य आहे. गेल्या महिन्यात दवाखान्यात शेजारी बसलेली एक तरुण बाई रडत होती. तिचा अठरावा दिवस होता. आपानं वही काढली आणि तिसऱ्या आठवड्याचं पान तिच्यापुढे धरलं.